दुखण्याच्या वाटेवरचं फाटक

ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, चुणचुण, भगभग, रवरव. दुखण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. तरीही डॉक्टरांसमोर बसलो की आपण "खूप दुखतंय हो" एवढ्यावर भागवतो, आणि डॉक्टरही "शून्य ते दहात किती?" असं विचारून आकडा लिहून घेतात. आकडा कामाचा असतो. पण ज्या उपचाराबद्दल हा लेख आहे, त्यात आकड्याच्या आधी शब्द लागतो. मज्जारज्जूजवळ बारीक तार बसवायची, तिच्यातून विजेचे सौम्य स्पंद सोडायचे आणि जुनाट वेदना दबवायची, असा हा उपचार. त्याचं नाव स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन. दवाखान्यात कुणी 'एससीएस' म्हणतं, कुणी नुसतंच 'स्टिम्युलेटर'. भगभगणाऱ्या पायाला तो उपयोगी पडू शकतो. झिजलेल्या गुडघ्याच्या ठणक्याला तो सहसा दिला जात नाही.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

बोट कापलं, दाढ किडली, हाड मोडलं की तिथल्या चेता मेंदूकडे निरोप धाडतात. जखम भरली की निरोप थांबतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं, आणि त्यातल्या एका प्रकारात निरोप नेणारी तारच बिघडलेली असते. जागेवर काही घडत नसतं, तरी फोन वाजत राहतो. ही चेताजन्य वेदना. तिचे रुग्ण बोलतात ते ऐकण्यासारखं असतं: "पायात करंट येतो", "तिखट चोळल्यासारखं होतं", "रात्री चादर लागलेली सहन होत नाही". हे ऐकून जाणत्या डॉक्टरांचे कान टवकारतात. "जिना चढताना दुखतं, बसलं की थांबतं" या वाक्याने टवकारत नाहीत.

स्टिम्युलेटरचे सगळ्यात जास्त उमेदवार येतात ते मणक्याच्या ऑपरेशननंतरचे. गादी सरकली, नस दबली, ऑपरेशन झालं, नवा एमआरआय ठीक आहे, सर्जन समाधानी आहेत आणि पेशंट मात्र अजून अर्धा तास खुर्चीत बसू शकत नाही. पाठीपेक्षाही पायातली कळ त्याला जास्त छळते. या अवस्थेला अनेक वर्षं 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' म्हणत. हे नाव सर्जनलाही आवडत नसे आणि पेशंटलाही. आता 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम' असं जरा सभ्य नाव रुळू लागलं आहे. दुसरा गट 'सीआरपीएस'चा: मनगट मोडतं, प्लास्टर निघतं, हाड जुळलेलं असतं, पण हात सुजलेला, लालनिळा आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा न सोसणारा होऊन बसतो. तिसरा गट मधुमेहाचा, त्याबद्दल पुढे.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २००८ साली ठरवून दिलेली चौकट आजही मार्गदर्शक वाटते. वेदना चेताजन्य असावी, शंभरात पन्नास किंवा जास्त असावी, नेहमीचे उपचार करूनही निदान सहा महिने टिकलेली असावी आणि आधी तात्पुरती तार घालून चाचणी यशस्वी झालेली असावी. तार हा गोळ्या, व्यायाम, इंजेक्शनं यांच्या नंतरचा उपाय आहे, हे त्यात आलंच.

रोममधला मासा, क्लीव्हलँडमधली तार

विजेने दुखणं दबवायची कल्पना विजेच्या दिव्यापेक्षा फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाउटवर, असा इलाज लिहून गेला: रोग्याला समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर उभं करावं, पायाखाली जिवंत टॉर्पेडो मासा द्यावा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर हलू देऊ नये. हा मासा शरीरात वीज तयार करतो. मात्रा ठरवायची सोय नाही, बॅटरी संपली की मासा बदलायचा. तरी तत्त्व तेच.

त्या तत्त्वाला शास्त्राचा टेकू मिळाला १९६५ साली. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. ठेच लागली की हात आपोआप अंगठ्याकडे जातो आणि चोळू लागतो. चोळल्याने बरं का वाटतं? त्यांचं म्हणणं असं: स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान चेतातंतूंमधून जातो; दुखण्याचा बारीक, संथ तंतूंमधून. दोघांची वाट मज्जारज्जूत एका फाटकापाशी येते. जाड तंतूंची वर्दळ वाढली की फाटक अर्धंमुर्धं मिटतं आणि दुखण्याचा निरोप मागे अडतो. म्हणजे वेदना जशी निघाली तशीच मेंदूत पोचते असं नाही, वाटेत तिची अडवणूक होऊ शकते.

सिद्धांत मांडून वॉल गप्प बसले नाहीत. विल्यम स्वीट या न्यूरोसर्जनबरोबर त्यांनी स्वतःच्याच डोळ्याखालच्या चेतेत सुया घातल्या, त्यातून करंट सोडला आणि टोचणी किती बोथट होते ते स्वतःवरच पाहिलं. मेल्झॅक यांनी पुढे १९७५ मध्ये 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' तयार केलं. रुग्ण दुखण्यासाठी जे शब्द वापरतात ते गोळा करून त्यांनी गटवार लावले होते. भगभग वेगळी आणि ठणका वेगळा, हे त्यांनी कागदावर आणलं.

चोळायचं ते बाहेरून का, थेट मज्जारज्जूच्या पाठीवरच का नको? जाड तंतूंचा जुडगा तिथूनच वर जातो. नॉर्मन शिली या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९६७ मध्ये क्लीव्हलँडला हे केलं. इलेक्ट्रोड बनवला तो थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने. पहिला रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेला, सत्तर वर्षांचा. आयुष्य थोडंच उरलं होतं, पण वेदना कमी झाली. गंमत अशी की शिली स्वतः काही वर्षांतच या उपचाराला कंटाळले, तारा बसवणं त्यांनी सोडून दिलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत समग्र वैद्यकाची संघटना उभी केली. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कमरेला चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणणारं 'टेन्स' यंत्र असतं ना, तेही याच प्रयोगांतून वर आलं. कोणाला तार बसवावी हे ठरवण्यासाठी आधी ते त्वचेवर लावून बघत.

यंत्र

तार, तिला जोडलेला स्पंदजनक आणि हातातला रिमोट, एवढाच संसार. तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाशी बहुधा आठ छोटे धातूचे पट्टे. स्पंदजनक म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिच्यात बॅटरी आणि सर्किट. ती नितंबाच्या वरच्या भागात किंवा बरगडीखाली कातडीच्या आत ठेवतात. पेसमेकरची ही चुलत बहीणच. साधी बॅटरी काही वर्षांत संपते आणि डबी बदलावी लागते. चार्ज करता येणारी दहा वर्षांच्या आसपास टिकते.

जुन्या पद्धतीत सेकंदाला चाळीस ते साठ स्पंद सोडतात आणि दुखऱ्या भागात मुंग्या येतात. त्या मुंग्यांच्या आड दुखणं बुजतं. पुढे सेकंदाला दहा हजार स्पंदांची पद्धत आली, अमेरिकेत तिला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात मुंग्या येतच नाहीत आणि तरी अनेकांना आराम पडतो. फाटकाच्या सिद्धांताने याचं पूर्ण उत्तर मिळत नाही, अभ्यासक अजून त्यावर वाद घालताहेत. स्पंद झुबक्याने सोडणारी 'बर्स्ट' पद्धतही आहे. सगळ्यात नव्या यंत्रांत मज्जारज्जूने दिलेला विद्युत प्रतिसाद तारच मोजते आणि जोर आपोआप कमीजास्त करते.

टेबलावर पालथं

ऑपरेशन म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं यात काही नसतं. रुग्णाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात म्हणजे मणक्यांमधल्या फटी जरा उघडतात. पाठीवर जंतुनाशकाचा गार बोळा फिरतो. भूल फक्त सुईच्या जागेपुरती, वर थोडं गुंगीचं औषध. एक्स-रेचं सी-आर्म यंत्र डोक्यावरून वाकलेलं असतं. कमरेच्या वरच्या भागात दोन मणक्यांमधून तिरकी सुई जाते ती एपिड्युरल पोकळीत. वेदनारहित बाळंतपणासाठी औषध सोडतात तीच ही पोकळी. तिथून तार हळूहळू वर सरकवतात, छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीपर्यंत.

दुखतं पायात आणि तार छातीमागे, हे नातेवाइकांना पटत नाही. पण मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली नुसत्या चेतांची झुपकेदार शेपटी असते. पायाचा निरोप रज्जूत गाठायचा तर इतकं वर जावंच लागतं.

मग येतो तो क्षण, ज्यासाठी रुग्णाला जागं ठेवलेलं असतं.

"काका, आता सांगा, मुंग्या कुठे आल्या?"

"पोटात. बरगडीशी."

तार दोन मिलिमीटर खाली येते.

"आता?"

"डाव्या मांडीत. खाली चालल्यात… पोटरीत."

"दुखतं तिथेच आहेत का?"

"हां, तिथेच! तिथेच राहू द्या आता."

ही जागा रुग्णाच्या तोंडून कळते. दहा हजारवाल्या पद्धतीत मुंग्याच नसल्याने हा संवाद होत नाही. तिथे एक्स-रेवर मणके मोजून तार ठेवतात.

आठवडाभराची परीक्षा

पहिल्यांदा बसवलेली तार तात्पुरती असते. तिचं दुसरं टोक पाठीतून बाहेर काढून चिकटपट्टीने बांधतात आणि कमरेच्या पट्ट्यात छोटं यंत्र अडकवून रुग्णाला घरी पाठवतात. साधारण आठवडाभर आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. या दिवसांत वेदना निदान निम्म्याने कमी झाली तरच कायमची डबी बसवायची, असा सर्वसाधारण दंडक आहे. झाली नाही तर तार ओढून काढतात, पाच मिनिटांचं काम. खिशाला मोठी फोडणी बसण्याआधी वापरून बघायची अशी सोय शस्त्रक्रियेच्या जगात फारशी कुठे सापडत नाही. सीआरपीएसवरच्या एका डच अभ्यासात ३६ जणांवर ही चाचणी केली तेव्हा २४ जणच उत्तीर्ण झाले. म्हणजे तिघांतला एक या पायरीवरच परत फिरला.

हा आठवडा पलंगावर पडून काढू नये असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. ज्याने दुखतं तेच करून बघावं. भाजी आणायला जावं, एसटीत तासभर बसावं, जिना चढावा. "दुखणं आठवरून चारवर आलं" यापेक्षा "रात्री एकदाच जाग आली" आणि "देवळापर्यंत न थांबता गेलो" ही नोंद जास्त खरी असते. ती रोज वहीत लिहावी, आणि शक्य तर घरातल्या दुसऱ्या माणसानेही आपल्या नजरेने वेगळी लिहावी. कारण आठवडा थोडा असतो, आशा मोठी असते आणि नव्या यंत्राच्या कौतुकाने आठ दिवस कुणालाही बरं वाटू शकतं.

पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो

या उपचाराच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास 'प्रोसेस' नावाचा. कॅनडातल्या रेजायना शहरातले न्यूरोसर्जन कृष्ण कुमार त्याचे प्रमुख लेखक. मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले शंभर रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत स्टिम्युलेटर, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याहून कमी झालेले पहिल्या गटात ४८ टक्के निघाले, दुसऱ्यात ९. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात पहिल्या वर्षात यंत्र बसवलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांना तार किंवा डबीशी संबंधित काही ना काही त्रास झाला, हा आकडा मात्र जाहिरातीच्या पत्रकात सापडत नाही.

अडचण अशी की मुंग्या येणारं यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णाला कळतंच. औषधांच्या अभ्यासात देतात तशी खोटी गोळी इथे देता येत नाही. मुंग्या न येणाऱ्या पद्धती आल्यावर ही तुलना शक्य झाली. नॉर्वेतल्या संशोधकांनी ५० रुग्णांना डबी बसवली आणि तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांत ती कधी चालू, कधी बंद ठेवली. कोणती पाळी कुठली हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: दोन्ही काळांत रुग्णांची अवस्था जवळपास सारखीच. या क्षेत्रातल्या डॉक्टरांनी लगेच हरकत घेतली की वापरलेली स्पंदपद्धत प्रचलित नव्हती. हरकतीत तथ्य आहे. पण आपल्या उपचाराला अनुकूल अभ्यास आले तेव्हा हीच मंडळी इतकी चिकित्सक नव्हती, हेही खरं. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याने कंबरदुखीवरचे १३ प्रयोग आणि ६९९ रुग्ण तपासले आणि कंबरदुखीसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा पुरावा नाही असं म्हटलं.

माझा कल असा: नुसती कंबर दुखते म्हणून कुणी स्टिम्युलेटर सुचवला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. पायात उतरणारी, करंटसारखी, ऑपरेशननंतरही न गेलेली कळ असेल तर विचार करायला जागा आहे.

मधुमेहाचे पाय

आपल्याकडे हा विषय उद्या मोठा होणार तो मधुमेहामुळे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी जणांचे तळवे रात्री जळतात. पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवून टीव्ही बघणारे आजोबा बहुतेकांच्या नात्यात निघतील. २०२१ मध्ये अशा २१६ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला. दहा हजार स्पंदांची पद्धत वापरलेल्यांपैकी ७९ टक्क्यांना तीन महिन्यांनी निम्म्याहून जास्त आराम होता. फक्त औषधं घेणाऱ्यांत ५ टक्क्यांना. त्याच वर्षी अमेरिकेने या वापराला परवानगी दिली. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. अभ्यासाचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि बंद यंत्राशी तुलना नव्हती. शिवाय साखर फार वाढलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळते आणि कातडीखालची डबी म्हणजे जंतूंना आयतीच जागा.

काय बिघडू शकतं

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे तार सरकणे. कालपर्यंत पोटरीत असलेल्या मुंग्या आज पोटात येऊ लागतात. कधी रिमोटवरून जुळवून घेता येतं, कधी तार पुन्हा बसवावी लागते. तार तुटते. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा सगळंच काढावं लागतं. सुईने रज्जूचं आवरण छेदलं गेलं तर काही दिवस उठून बसलं की डोकं फुटायला येतं. क्वचित पोकळीत रक्त साचून पाय लुळे पडू शकतात, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्या भेटीतच सांगायचं. आणि काही जणांत यंत्र ठीक चालत असूनही वर्ष-दोन वर्षांत त्याचा गुण ओसरत जातो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २०१६ ते २०२० या चार वर्षांत या यंत्रांविषयी १,०७,७२८ तक्रारनोंदी आल्या. नोंद झाली म्हणजे यंत्राचाच दोष सिद्ध झाला असं नव्हे, आणि एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी असू शकतात. तरी त्या पाहूनच प्रशासनाने २०२० मध्ये डॉक्टरांना पुन्हा बजावलं की चाचणी यशस्वी झाल्याशिवाय कायमचं यंत्र बसवू नका.

खर्च काही लाखांत जातो. आरोग्यविमा तो धरतो का, चाचणीचा वेगळा आणि कायमच्या यंत्राचा वेगळा दावा लागतो का, हे विमा कंपनीकडून आधी लेखी घ्यावं.

घरी आल्यावर

पहिले सहा ते आठ आठवडे वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, हात वर ताणायचे नाहीत, जड उचलायचं नाही. तारेभोवती ऊती धरून ती जागेवर घट्ट बसेपर्यंतची ही पथ्यं. पाश्चात्त्य पुस्तिकेत हे दोन ओळींत संपतं. आपल्या घरात त्याचा अर्थ असा की जमिनीवर पंगतीला बसणं नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही, वाकून नमस्कार नाही, माळ्यावरचा डबा काढणं नाही, बादली उचलणं नाही. कमोडची आणि उंच खुर्चीची सोय ऑपरेशनच्या आधी करून ठेवावी.

मुंग्यांच्या यंत्राची एक खोड लक्षात राहण्यासारखी आहे. उताणं झोपलं की रज्जू किंचित मागे, तारेच्या जवळ सरकतो आणि तोच करंट एकदम जोरात लागतो. उभं राहिलं की मंदावतो. खोकला, शिंक आली तरी झटका बसल्यासारखं होतं. घाबरण्याचं कारण नाही. झोपण्याआधी रिमोटवर एक पायरी खाली यायचं. गाडी चालवताना मुंग्यांची पद्धत बंद ठेवायची असते.

एमआरआयच्या आधी यंत्राचं मॉडेल सांगावं लागतं; नवी यंत्रं ठरावीक अटींवर चालतात, जुनी चालत नाहीत. विमानतळावर यंत्राचं कार्ड दाखवायचं. पण आपल्याकडे खरा धोका गल्लीतल्या फिजिओथेरपीत आहे. खांदा आखडला म्हणून माणूस जातो, तिथे सहज शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देतात. त्या लहरींनी शरीरातली तार तापते आणि मज्जारज्जूला भाजून कायमची इजा किंवा मृत्यूही ओढवू शकतो. यंत्र बंद असलं तरी धोका तोच, आणि शेक खांद्याला घेतला तरी तोच. गरम पाण्याची पिशवी वेगळी, डायथर्मी वेगळी. डायथर्मी अंगावर कुठेही घ्यायची नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णापेक्षा घरच्यांनी जाणून घ्यायची आहे. डबीतली बॅटरी चितेच्या किंवा विद्युतदाहिनीच्या उष्णतेत फुटू शकते, म्हणून दहनाआधी ती काढून घ्यावी लागते, पेसमेकरसारखीच. त्या वेळी हे आठवणारं घरात एक तरी माणूस असावं, आणि यंत्राचं कार्ड कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे हेही त्याला माहीत असावं.